उत्साह आणि आस्वाद : इंडी संगीताच्या चाहत्याची समीक्षा

१

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने आस्वादविषयक प्रश्नपत्रिकेसाठी एक निबंध सादर केला. विषयनिवडीचे स्वातंत्र्य विद्यार्थ्यांना होते. त्याने कादंबरी वा कवितासंग्रह न निवडता, एका लहानशा सभागृहात ऐकलेल्या एका अप्रसिद्ध इंडी बँडच्या कार्यक्रमावर बारा पृष्ठे लिहिली. त्या पृष्ठांत वादनाइतकीच हकिकत होती ती शेवटची लोकल चुकल्याची, मित्राकडून तिकिटासाठी उसन्या घेतलेल्या पैशांची आणि ध्वनिक्षेपकाला खेटून उभे राहिल्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानांत राहिलेल्या गुणगुणीची. मी समासात 'भावविवश. समीक्षा नव्हे' असा शेरा लिहिला आणि गुण कमी केले. तो शेरा आज मला पूर्णतः योग्य वाटत नाही. पूर्णतः अयोग्यही वाटत नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शेऱ्याची फेरतपासणी होय.

प्रश्न असा मांडता येईल. कलाकृतीविषयी ज्याला उत्कट प्रेम आहे, त्या प्रेमाचा ज्याला संकोच नाही, आणि ज्याच्यापाशी शास्त्रीय परिभाषा नाही, अशा तरुण चाहत्याचे लेखन ही समीक्षेची केवळ कच्ची सामग्री आहे, समीक्षेला बाधक असे काही आहे, की तो समीक्षेचाच एक प्रकार आहे? हा प्रश्न पाश्चात्य तरुणांच्या संगीतापुरता मर्यादित आहे असे कोणी समजू नये. आपल्या विभागांत येणारा प्रत्येक विद्यार्थी आरंभी कोणत्या ना कोणत्या लेखकाचा चाहताच असतो. दोन वर्षांत आपण त्याचे चाहतेपण काढून घेतो. त्याच्या जागी आपण काय देतो, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

२

प्रथम 'इंडी' या संज्ञेचा खुलासा केला पाहिजे. 'इंडिपेंडंट' या शब्दाचे हे लघुरूप आरंभी संगीताचा प्रकार दर्शवीत नव्हते. ते उत्पादनाची आणि वितरणाची रीत दर्शवीत होते. मँचेस्टर येथील 'बझकॉक्स' या बँडने २८ डिसेंबर १९७६ रोजी चार गीते ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ च्या अखेरीस 'स्पायरल स्क्रॅच' या नावाने स्वतःच प्रसिद्ध केली. कोणत्याही मोठ्या कंपनीचा त्यात हात नव्हता. त्यासाठी सुमारे ५०० पौंड आप्तमित्रांकडून उसने घेतले होते आणि पहिली आवृत्ती १,००० प्रतींची होती. पुढे १६,००० प्रती खपल्या असे सांगितले जाते. आपल्या दृष्टीने या आकड्यांहून महत्त्वाची आहे ती वेष्टनावरील माहिती. कोणते गीत कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले आणि त्यावर नंतर काय चढविले, हे तेथे नमूद केलेले होते. निर्मितीचे गूढ राखण्याऐवजी ती कशी झाली हे श्रोत्याला सांगण्याची ही वृत्ती होती. ऐकणाऱ्याने वेष्टन वाचावे आणि 'हे मलाही करता येईल' असे म्हणावे, असा तिचा रोख होता.

जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र कंपन्यांच्या ध्वनिमुद्रिकांची वेगळी क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. तीत प्रवेशाचा निकष स्वरांचा नव्हता, वितरणाचा होता. १९८६ साली एका संगीत साप्ताहिकाने बावीस बँडांची 'सी ८६' ही ध्वनिफीत काढली, आणि त्या सुमारास 'इंडी' हा शब्द एका विशिष्ट नादासाठी, एका विशिष्ट वेषासाठी आणि पुढे एका विशिष्ट स्वभावासाठीही वापरला जाऊ लागला. अर्थाचे हे स्थलांतर ध्यानात ठेवणे अवश्य आहे. चाहत्याच्या प्रेमाचा विषय केवळ स्वररचना नसते. ती रचना ज्या मार्गाने त्याच्यापर्यंत आली, तो मार्गही त्याच्या प्रेमाचा विषय असतो. शुद्ध रूपवादी समीक्षक या दोहोंची फारकत करील. चाहता ती करीत नाही. तो चूकच करतो, असे मात्र आधीच गृहीत धरता येणार नाही.

३

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. फेब्रुवारी १९७६ मध्ये लंडनमधील 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकात नील स्पेन्सर यांनी 'सेक्स पिस्टल्स' नावाच्या एका नवख्या बँडच्या कार्यक्रमाचे लहानसे परीक्षण लिहिले. ते हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या बोल्टन येथे शिकणाऱ्या दोन तरुणांनी वाचले. केवळ त्या परीक्षणाच्या भरवशावर ते दक्षिणेकडे गेले, त्यांनी तो बँड ऐकला आणि त्याला मँचेस्टरला बोलाविले. ४ जून १९७६ रोजी फ्री ट्रेड हॉल या इमारतीतील वरच्या लहान सभागृहात तो कार्यक्रम झाला. श्रोते चाळिसाच्या आसपास असावेत असे सामान्यतः मानले जाते. त्यांत पीटर हुक व बर्नार्ड समनर होते, मार्क ई. स्मिथ होते, मॉरिसी होते. हुक यांनी लगोलग एक बेस गिटार विकत घेतली आणि त्यांच्या व समनर यांच्या प्रयत्नातून पुढे 'जॉय डिव्हिजन' हा बँड उभा राहिला. स्मिथ यांनी त्याच वर्षी 'द फॉल' स्थापन केला. मॉरिसी यांनी त्या कार्यक्रमाविषयी त्याच साप्ताहिकाला पत्र लिहिले; त्यांचा 'द स्मिथ्स' १९८२ मध्ये जन्मास आला. ज्यांनी कार्यक्रम भरविला त्या दोघांचा बँड त्या रात्रीपर्यंत वादनास सिद्ध झाला नव्हता. २० जुलैच्या दुसऱ्या कार्यक्रमात तो प्रथम उभा राहिला. तोच वर उल्लेखिलेला 'बझकॉक्स' होय.

ही साखळी विचार करण्याजोगी आहे. एका परीक्षणातून एक प्रवास घडला, प्रवासातून एक मैफल, आणि मैफलीतून अनेक बँड. या साखळीत रसिक कोठे संपतो आणि कलावंत कोठे सुरू होतो, याची सीमारेषा काढता येत नाही. आपण ज्याला आस्वाद म्हणतो तो येथे एका निर्मितीचा शेवट नाही, पुढच्या निर्मितीचा आरंभ आहे.

४

आपल्या साहित्यशास्त्राच्या कसोटीवर हे घासून पाहिले असता काय दिसते? अभिनवगुप्ताच्या मते काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्याच्या ठायी आहे, तो सहृदय. या व्याख्येचा पहिला भाग चाहत्याला लावून पाहावा. एकच ध्वनिमुद्रिका शंभर वेळा ऐकणारा, तिच्या दोन मुद्रणांतील ढोलाच्या आघाताचा भेद सांगणारा, वादक बदलल्याचे पहिल्या चार मात्रांत ओळखणारा हा तरुण परिशीलनात कोठे कमी पडतो? आपल्या अनेक पदवीधरांनी आपल्या आवडत्या ग्रंथाचेही एवढे परिशीलन केलेले नसते. तन्मयतेविषयी तर बोलावयासच नको.

दुसरा मुद्दा प्रेक्षकसमूहाचा. नाट्यगृहात सर्व सामाजिकांची प्रतीती जणू एकरूप, एकघन होते आणि त्यामुळे रसाचा परिपोष अधिकच होतो, असे अभिनवगुप्त म्हणतो. घरी ध्वनिमुद्रिका ऐकणे आणि चाळीस लोकांत उभे राहून तेच गीत ऐकणे यांत चाहता जो जातिभेद मानतो, त्याला येथे जुना आणि भक्कम आधार सापडतो.

परंतु तिसऱ्या मुद्द्यावर अडचण उभी राहते. रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांतील एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखांनी विवश होणे. माझ्या विद्यार्थ्याचा निबंध या विघ्नाचे ठळक उदाहरण होते. चुकलेली लोकल, उसने पैसे, मित्राची सोबत हे सारे निजसुखदुःखच होते. माझा समासातील शेरा अजाणता याच विघ्नाचे नाव घेत होता. मात्र याच ठिकाणी अभिनवगुप्त या विघ्नाचा परिहारही सांगतो, आणि तो परिहार म्हणजे गायन, वाद्ये, सजविलेला मंडप यांसारखी साधने. त्यांच्या योगाने अहृदयाच्या मनालाही नैर्मल्य येते आणि तो सहृदय होतो. म्हणजे स्वतःच्या चिंता घेऊन आलेला मनुष्य हा अपवाद नाही. तोच नेहमीचा प्रेक्षक आहे आणि संगीत हेच त्याचे औषध आहे. तेव्हा निबंधात लोकलचा उल्लेख आहे एवढ्याने तो निबंध बाद होत नाही. विचारावयाचे ते असे की, संगीत सुरू झाल्यावर ती लोकल निबंधातून नाहीशी होते काय? मी तो निबंध पुन्हा वाचला. पाचव्या पृष्ठानंतर लोकल येत नाही. अकराव्या पृष्ठावर, दिवे लागल्यानंतर, ती परत येते. हे मला पहिल्या वाचनात दिसले नव्हते.

तरीही एक भेद उरतो आणि तो मूलभूत आहे. रसास्वादाचे पर्यवसान विश्रांतीत होते असे आपले शास्त्र मानते. संवित् आपल्या ठायी विसावते; तीतून काही करण्याची प्रेरणा निपजत नाही आणि निपजूही नये. मँचेस्टरच्या श्रोत्यांना ही विश्रांती लाभली नाही. ते अस्वस्थ होऊन घरी गेले आणि त्यांनी वाद्ये विकत घेतली. या मनोवृत्तीला भरताच्या परिभाषेत नाव शोधावयाचे झाल्यास ते 'उत्साह' असे आहे, आणि उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव होय. रंगमंचावरील वीराचा उत्साह प्रेक्षक अलौकिक पातळीवर चर्वितो. येथे मात्र प्रेक्षकाचा स्वतःचा, लौकिक उत्साह जागा झालेला आहे. कर्मठ रसवादी म्हणेल, हा रस नव्हेच. ही केवळ लौकिक चित्तवृत्ती आहे. त्याचे म्हणणे तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु तो ज्याला बाहेर ठेवतो, त्याच्यावाचून कलेची परंपरा पुढे चालत नाही, हेही तितकेच खरे आहे. कवी होण्यापूर्वी प्रत्येक कवी कोणाच्या तरी कवितेने अस्वस्थ झालेला असतो. सहृदयाची कल्पना आस्वादाचे स्वरूप स्पष्ट करते. वारसा कसा चालतो, हे सांगण्यास ती अपुरी पडते.

५

हा उत्साह लेखनात उतरला म्हणजे त्यास कोणते रूप येते? जुलै १९७६ मध्ये बँकेत कारकुनी करणाऱ्या मार्क पेरी या लंडनमधील तरुणाने 'स्निफिन ग्लू' नावाचे नियतकालिक सुरू केले. टंकलिखित मजकूर, हाताने लिहिलेली शीर्षके, छायाप्रतींची छपाई आणि कोपऱ्यात ठोकलेली पिन असे त्याचे स्वरूप होते. पहिल्या अंकाच्या प्रती पन्नासच्या घरात होत्या. वर्षभराने, खप वाढलेला असताना, पेरी यांनी ते बंद केले. चाहत्यांच्या अशा पत्रकांस 'फॅनझीन' म्हणतात. १९७७ च्या आरंभी निघालेल्या 'साइडबर्न्स' या दुसऱ्या एका फॅनझीनमध्ये गिटारवरील तीन स्वरमेळांच्या आकृत्या काढून, आता बँड काढा, अशा अर्थाचा आदेश वाचकास दिला होता. समीक्षेच्या इतिहासात वाचकाला इतका थेट आदेश क्वचितच मिळाला असेल.

फॅनझीन आणि निर्मिती यांतील नाते सर्वांत स्वच्छपणे दिसते ते ब्रिस्टल येथील 'सारा रेकॉर्ड्स' या संस्थेत. १९८७ मध्ये क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोन फॅनझीन-लेखकांनी ती स्थापन केली. स्वस्त, सात इंची ध्वनिमुद्रिकांवर त्यांचा भर होता आणि तीच गीते वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा विकण्यास त्यांचा विरोध होता. त्यांच्या सूचीत ध्वनिमुद्रिकांना जसे क्रमांक दिले, तसे काही फॅनझीनांनाही दिले. गीत आणि गीताविषयीचे लेखन एकाच मालिकेतील दोन वस्तू मानल्या गेल्या. निर्मिती व समीक्षा यांच्या समकक्षतेविषयी आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. एका सूचीच्या क्रमांकांत ती सिद्ध केल्याचे हे उदाहरण मननीय आहे. १९९५ मध्ये, सूची शंभराव्या क्रमांकापर्यंत पोचताच, त्यांनी संस्था आपणहून बंद केली.

मराठी वाचकाला येथे आपली अनियतकालिके आठवल्याशिवाय राहणार नाहीत. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकातील 'शब्द' आणि त्यानंतरचा 'असो' यांचाही जन्म अल्प साधनांतून व प्रस्थापित नियतकालिकांविषयीच्या असमाधानातून झाला. परंतु साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. अनियतकालिकांमागे लेखक होते. आपले लेखन छापले जावे ही त्यांची गरज होती. फॅनझीनमागे श्रोता असतो. दुसऱ्याची निर्मिती ऐकली जावी ही त्याची गरज असते. अनियतकालिकांच्या लेखकांविषयी आपण पुष्कळ लिहिले. मराठीत वाचकाने केवळ वाचक म्हणून, दुसऱ्याच्या कवितेच्या प्रेमापोटी काढलेले पत्रक किती आहे, हा शोध कोणा संशोधक विद्यार्थ्याने अवश्य घ्यावा.

६

येथवरचे विवेचन चाहत्याच्या बाजूने झाले. आता त्याचे दोषही निःसंकोचपणे सांगितले पाहिजेत.

पहिला दोष साक्षीचा. 'मी तेथे होतो' हे चाहत्याचे मुख्य प्रमाण. आणि हेच प्रमाण सर्वांत भंगुर आहे. मँचेस्टरच्या त्या रात्री आपण हजर होतो असे सांगणाऱ्यांची संख्या त्या सभागृहात मावणार नाही एवढी झाली. डेव्हिड नोलन यांनी या कार्यक्रमाविषयी लिहिलेल्या पुस्तकाचे शीर्षकच अशा शपथेवर बेतलेले आहे. त्याच इमारतीतील मोठ्या सभागृहात १७ मे १९६६ रोजी बॉब डिलन यांनी विद्युत् वाद्ये घेतली म्हणून एका श्रोत्याने त्यांना विश्वासघातकी शिष्याच्या नावाने हाक मारली. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण पुढे कित्येक वर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील म्हणून हातोहात फिरत होते, आणि ती हाक आपणच मारली असे सांगणारे एकाहून अधिक लोक निघाले. स्मरणाला येथे अभिलाषेचे रूप आलेले आहे. संशोधकाने अशी साक्ष टाकून देऊ नये. परंतु ती घटनेविषयी जेवढे सांगते, त्याहून अधिक घटनेच्या मोलाविषयी सांगते, हे ओळखून वापरावी.

दुसरा दोष पंथाभिमानाचा. बँड लहान असेपर्यंत तो आपला. त्याला लोकप्रियता आली की तो भ्रष्ट झाला, असा निर्णय चाहता ऐकण्यापूर्वीच देऊन मोकळा होतो. येथे आस्वाद्य वस्तू बाजूस राहते आणि वेगळेपणाचा अहंकार तिची जागा घेतो. इंडी या शब्दाचा अर्थ रीतीकडून वेषाकडे सरकला, त्यास हा अहंकार बऱ्याच अंशी कारण झाला असावा असे मला वाटते.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. समूहाच्या एकघनतेचा गौरव आपण वर केला. परंतु ती एकघनता कोणाला मागे ढकलून साधली जाते? रॉक संगीताच्या लहान सभागृहांत रंगमंचासमोरची जागा शरीरबळाने मिळते आणि ती बहुधा पुरुषांना मिळते. अमेरिकेतील ऑलिंपिया येथे १९९० मध्ये निघालेल्या 'बिकिनी किल' या बँडच्या गायिका कॅथलीन हॅना यांनी आपल्या कार्यक्रमांत स्त्रियांना पुढे येण्यास आणि पुरुषांना मागे सरण्यास सांगितले. त्यांच्या परिवारातील मुलींनी फॅनझीनही काढली आणि सभागृहात घडणाऱ्या गोष्टी नोंदविल्या. एकघन प्रतीती ही नुसती उपलब्ध नसते, ती रचावी लागते, हे त्यांनी दाखवून दिले. अभिनवगुप्ताच्या सामाजिकांत कोण बसू शकत होते, हा प्रश्नही त्यामुळे आपल्यापुढे येतो.

७

आपल्याकडची एक वस्तुस्थिती ध्यानात घेऊन समारोप करतो. मुंबईत १९८६ साली सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' या मेळाव्याची आठवण धोबी तलावाजवळच्या रंगभवनाशी जोडलेली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार तो परिसर शांतता-क्षेत्रात आल्यावर ते खुले नाट्यगृह अशा संगीतास अंतरले. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादेहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढले; देशातील विखुरलेल्या बँडांची एकमेकांना ओळख करून देण्याचे काम त्याने दीर्घकाळ केले. परंतु कित्येक बँडांची ध्वनिमुद्रणे निघालीच नाहीत. ते लहान सभागृहांत वाजले आणि विरून गेले. त्यांच्याविषयी जे उरले आहे ते कोणा चाहत्याच्या वहीत. ती वही भावविवश आहे म्हणून आपण बाजूस ठेवली, तर आपल्यापाशी शास्त्र राहील. विषय राहणार नाही.

तेव्हा निर्णय असा करता येईल. चाहत्याचे लेखन त्यातील उत्साहामुळे समीक्षा ठरत नाही. उत्साहामुळे ते समीक्षेतून बादही होत नाही. उत्साहाने त्याला ऐकावयास लावले काय, की ऐकण्यापासून सोडविले, हाच निकष. ज्या लेखनात वस्तूचे तपशील वाढत जातात, ज्यात 'मी' क्षणभर तरी मावळतो, आणि जे वाचून दुसऱ्याला ती वस्तू प्रत्यक्ष अनुभवावीशी वाटते, ते समीक्षेच्या कुळातील लेखन होय. नील स्पेन्सर यांचे ते परीक्षण या कसोटीस उतरते, कारण ते वाचून दोघे जण घराबाहेर पडले.

तो विद्यार्थी आता एका महाविद्यालयात अध्यापन करतो. त्याच्या निबंधाचे गुण आता बदलता येणार नाहीत. शेरा मात्र बदलता येतो. आज मला तो असा लिहावासा वाटतो : 'पृष्ठ पाच ते अकरा उत्तम. बँडचे नाव पहिल्याच पृष्ठावर द्यावे, म्हणजे वाचणाऱ्यास जाऊन ऐकता येईल.'